भट्टीतली अक्षरं

चादरीची गाठ सैल तर झाली नाही ना, हे व्हर्नेल टॉलिव्हरने सकाळपासून तिसऱ्यांदा जाऊन पाहिलं. चादर पांढरीशुभ्र होती, तिने स्वतःच्या हाताने इस्त्री केलेली. तिच्याखाली सात फुटी खांबावर ओतीव धातूचा फलक उभा होता आणि दुपारी चार वाजता नगराध्यक्ष गिब्स ती चादर ओढणार होते. या फलकासाठी व्हर्नेलने चार वर्षं अर्ज केले होते, राज्याच्या इतिहास मंडळाचे तीन अधिकारी बदललेले पाहिले होते, आणि प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं होतं.

पेलम स्प्रिंग्जच्या कोर्टासमोरच्या चौकात असे अकरा फलक होते. एका जागी कुणी गोरा जनरल जेवला होता. दुसऱ्या जागी दुसऱ्या जनरलने माघार घेतली होती. तो पळाला असं तिथे लिहिलेलं नव्हतं. एक फलक तर झऱ्यावर पाणी प्यायलेल्या घोड्याचा होता, नावानिशी. अडतीस वर्षं व्हर्नेलने तिसरीचा वर्ग रांगेने त्या चौकातून नेला. दर वर्षी कुणीतरी पोर विचारायचंच, मिस टॉलिव्हर, यात आपल्या माणसांचा कुठला? आणि ती शांतपणे म्हणायची, अजून ओतायचा आहे.

आता तो ओतला गेला होता. तिच्या आजोबांचं नाव, प्रोफेसर इझिकिएल टॉलिव्हर, त्यावर दोनदा आलं होतं. मजकूर तिचाच होता आणि तिला तो झोपेतही पाठ होता. प्रोफेसरांनी १८८९ साली मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी इथे शाळा काढली. १९१९ साली शाळा जाळण्यात आली. तरीही प्रोफेसर टॉलिव्हर यांनी १९२५ पर्यंत याच जागी अध्यापन चालू ठेवले. समोरचे विटांचे धुराडे हा त्या शाळेचा एकमेव अवशेष होय.

एकशे चाळीस टॉलिव्हर गावात उतरले होते. डेट्रॉइटहून, अटलांटाहून, एक जोडपं तर अलास्काहून. दर दोन वर्षांनी जुलैत कुळाचा मेळावा भरायचा आणि दर वेळी शेवटचा फोटो या धुराड्यासमोर निघायचा. यंदाचे, २००१ सालचे टी-शर्ट जांभळे होते. सगळ्यांच्या छातीवर प्रोफेसरांचा चेहरा होता, मिशांसकट. ज्यांची पोटं सुटली होती त्यांच्या शर्टावर प्रोफेसर जरा जास्तच गुबगुबीत दिसत होते. पलीकडे तंबूत मासे तळायला सुरुवात झाली होती आणि पीचच्या गोड पुडिंगवरून दोन वहिन्यांमध्ये दरवर्षीचं युद्ध पेटलं होतं.

"ताई, जरा इकडे ये," धुराड्यामागून रॉस्कोचा आवाज आला.

रॉस्को तिचा धाकटा भाऊ. पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलेला, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. धुराड्याच्या सैल विटांचे सांधे भरून चुलाण्यात फुलांच्या कुंड्या ठेवायला जागा साफ कर, एवढंच काम तिने त्याला सांगितलं होतं. तो गुडघ्यांवर बसला होता, कोपरापर्यंत काळा. हातात तारेचा ब्रश होता.

"हे शाळेचं धुराडं नाही," तो म्हणाला.

व्हर्नेलला आधी वाटलं, ऊन लागलं याला.

रॉस्को सावकाश बोलला, पण त्या दिवशी दहाच्या वर बोलला. शाळेत लोखंडी शेगडी असते, तिची नळी भिंतीतून जाते, चुलाणं लागतंच कशाला. शिवाय हे चुलाणं केवढं आहे बघ, चार फूट तोंड, आत चार विटांइतकं खोल. वर आडवा लोखंडी गज आहे, दोन हंडे टांगायला. खालच्या विटा सोड्याच्या पाण्याने खाल्ल्या आहेत. एवढ्या मोठ्या चुलाण्यावर माणसांचा स्वयंपाक होत नाही. कपडे उकळतात. ही धुण्याची भट्टी आहे.

"मग भट्टी शाळेच्या आवारात असेल," व्हर्नेल म्हणाली.

"असेल. पण मी काजळी घासली, ताई. आतल्या डाव्या भिंतीवर अक्षरं कोरलेली आहेत. एका विटेवर एक अक्षर, ए पासून झेड पर्यंत. चार चारच्या ओळी, शेवटच्या ओळीत दोन."

व्हर्नेलने मनाशी मोजलं. चार चारच्या ओळी, शेवटी दोन. तिच्या पहिल्या नोकरीच्या वर्षी याच रॉस्कोने तिला ओकच्या लाकडाची पाटी करून दिली होती. वडील शेजारी उभे राहून त्याला सांगत होते, अक्षर इतकं खोल कोर, बोट बसलं पाहिजे, आणि ओळीत चारच. ही प्रोफेसरांची पद्धत, असं घरात सगळे म्हणायचे. मुलाने पाटीकडे पाठ करून उभं राहायचं, हात मागे न्यायचा आणि न बघता बोटाने अक्षर ओळखायचं. डोळ्यांनी शिकलेलं पोर विसरतं, बोटांनी शिकलेलं विसरत नाही. त्या पाटीवर गावातली हजारभर मुलं वाचायला शिकली, त्यात नगराध्यक्ष गिब्सही होते. राज्याने व्हर्नेलला त्यासाठी मानपत्र दिलं होतं आणि ते तिच्या दिवाणखान्यात, प्रोफेसरांच्या फोटोखाली लावलेलं होतं.

लहानपणी तिने वडिलांना विचारलं होतं, ओळीत पाच का नाहीत? वडील म्हणाले होते, चारच मावतात. लहान मुलाच्या डोक्यात एका वेळी चारच मावतात, असा तिने त्याचा अर्थ घेतला होता आणि पुढे शिक्षकांच्या सभांमध्ये तो छातीठोकपणे सांगितलाही होता.

"आत येऊन बघ," रॉस्को म्हणाला.

"मला नाही बघायचं. कुंड्या ठेव आणि हातपाय धू."

तो उठला, पण कुंड्यांकडे गेला नाही. विजारीला हात पुसत म्हणाला, "मी लव्हीआत्याला आणायला चाललोय."

हे नाव मेळाव्यात चाळीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. लव्ही बॅटल गावातच राहायची, नदीकाठच्या सखल वस्तीत, धुराड्यापासून जेमतेम मैलभरावर. तिची आई झिल्फा ही प्रोफेसरांच्या बायकोची सख्खी बहीण. म्हणजे लव्ही ही व्हर्नेलच्या वडिलांची मावसबहीण, नात्याने चक्क आत्या. पण झिल्फाला लग्नावाचून मूल झालं आणि गिलियडच्या चर्चने तिचं नाव काढून टाकलं. ज्या सभेत ते काढलं, तिथे पहिल्या बाकावर प्रोफेसरांची बायको बसली होती आणि तिनेही हात वर केला होता. तेव्हापासून टेकडीवरचे टॉलिव्हर आणि सखल भागातले बॅटल रस्त्यात भेटले तर हवापाण्याचं बोलायचे, तेवढंच. मेळाव्याचं पत्र बॅटलांकडे कधी गेलं नव्हतं. यंदाची पत्रं व्हर्नेलनेच लिहिली होती, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचीही सोय नव्हती.

साडेबाराला रॉस्कोची गाडी परतली. लव्ही बॅटल अठ्ठ्याऐंशीची होती. अंगात चर्चला जायचा पांढरा पोशाख, डोक्यावर हॅट, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. रॉस्कोने तिला तंबूच्या कडेला सावलीत खुर्ची दिली. जांभळ्या शर्टांच्या त्या गर्दीत ती एकटी पांढरी होती आणि आजूबाजूची कुजबुज तिच्या कानांपर्यंत पोचत असावी, कारण ती अधिकच ताठ बसली. कुणीतरी माशांची बशी पुढे केली. तिने एक तुकडा खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

व्हर्नेल तिच्यासमोर बसली. रॉस्कोची मुलगी डनीटा व्हर्नेलच्या खुर्चीमागे उभी राहिली. ती शिकागोला वकील होती, मेळाव्याची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती, आणि वर्तमानपत्रवाल्यांना तिनेच बोलावलं होतं.

"लव्हीआत्या, शाळा कुठे होती?" व्हर्नेलने विचारलं. नमस्कार-चमत्कार करण्याइतका धीर तिच्याजवळ नव्हता.

"वर, टेकडीच्या कडेला. आता टायरचं दुकान आहे तिथे. जळली त्या रात्री आम्ही इथून बघितली."

"इथून म्हणजे?"

"इथून म्हणजे घरून. हे आमचं घर होतं. तुम्ही दर दोन वर्षांनी येऊन आमच्या भट्टीपुढे फोटो काढता." तिच्या आवाजात राग नव्हता. त्यात थोडी मजा होती, आणि तीच व्हर्नेलला लागली. "मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी विचारेल. नाही विचारलं कुणी."

मग तिने सांगितलं. शाळा जळाली त्याच आठवड्यात गावात निरोप फिरला, की पुन्हा कुणी पोरांना जमवलं तर या वेळी नुसती इमारत जळणार नाही. महिनाभराने प्रोफेसरांना सव्हानाच्या शाळेतून बोलावणं आलं आणि ते बायकोमुलांना घेऊन गेले. धाकटा मुलगा एनॉस तापाने फणफणला होता, प्रवास झेपला नसता, म्हणून अबोला गिळून त्याला मावशीकडे ठेवलं. मावशी झिल्फा गावातल्या गोऱ्यांचे कपडे धुवायची. पोरं सोडा आणायच्या, लाकडं आणायच्या निमित्ताने एकेक करून यायची. धोबिणीच्या अंगणात पोरं कशाला, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. तिने खिळ्याने विटांवर अक्षरं कोरली, भट्टीच्या आत, रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून. संध्याकाळी जाळ लावला की काजळीने ती झाकून जायची. सकाळी ओल्या फडक्याने पुसली की पुन्हा वर.

"आणि पहारा?" रॉस्कोने विचारलं. त्याला हे आधीच माहीत असावं, पण त्याला ते बहिणीच्या कानांवर घालायचं होतं.

"एकाने भट्टीत रस्त्याकडे तोंड करून बसायचं. कुणी येताना दिसलं की खोकायचं. पण आईला ते पटेना, की एकाचा दिवस फुकट जावा. म्हणून ती म्हणाली, डोळे रस्त्यावर ठेव आणि हात मागे ने. बोटांना काय कुणी बघतंय." लव्हीने आपलं उजव्या हाताचं बोट वर केलं, सोड्याने कातडी जळालेलं. "बहुतेकदा मी आणि तुझा बाप असायचो. एनॉस माझ्याहून हुशार. दोन हिवाळ्यांत सगळं वाचायला लागला. मग त्याला सव्हानाला नेलं. आई सहा हिवाळे शिकवत होती, नवी शाळा होईपर्यंत. एक दिवस बंद नव्हती."

एक दिवस बंद नव्हती. टॉलिव्हरांचं हे ठेवणीतलं वाक्य. प्रत्येक मेळाव्यात, प्रत्येक लग्नात, प्रत्येक अंत्यविधीला कुणीतरी उठून म्हणायचंच, की आमची शाळा जाळली तरी एक दिवस बंद नव्हती. व्हर्नेलच्या वडिलांनी तिला ते पाळण्यात असल्यापासून ऐकवलं होतं. कुणी चालू ठेवली हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या आईने घरात मावशीचं नाव घ्यायला बंदी केली होती आणि ते आईच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. त्यांनी नाव घेतलं नाही. पण मुलाकडून पाटी कोरून घेतली आणि मुलीच्या हाती दिली.

डनीटा पहिल्यांदा बोलली. तिला वाईट वाटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण बोलली ती वकिलासारखीच. लव्हीआजींचा मान राखलाच पाहिजे, ती म्हणाली. पुढच्या वर्षी दुसरा अर्ज करू, दुसरा फलक लावू. पण आज नाही. आज नगराध्यक्ष येणार, वर्तमानपत्र येणार. "आत्या, तू आज सगळ्यांसमोर म्हणालीस की आमचा फलक चुकलाय, तर त्या चौकातल्या अकरा फलकांवाले काय म्हणतील माहितेय? म्हणतील, यांना स्वतःचं धुराडं ओळखता येत नाही, यांचं बाकीचं काय खरं मानायचं. एकदा हसं झालं की दुसरा फलक कुणी देणार नाही."

"आणि खोटं लिहिलेलं तसंच राहू दे?" रॉस्को म्हणाला.

"बाबा, खोटं नाही, अर्धवट आहे. अर्धवट नंतर पुरं करता येतं."

"त्या घोड्याचा फलकसुद्धा अर्धवटच आहे. घोड्याला पाणी कुणी पाजलं ते त्यावर नाही. तुझ्या आत्याने अडतीस वर्षं पोरांना तेच तर विचारायला शिकवलं."

बाप-लेकीचा आवाज चढला तशी तंबूतली माणसं वळून पाहू लागली. अलास्कावाला चुलतभाऊ डनीटाच्या बाजूने बोलायला पुढे आला, तर पुडिंगवरून भांडणाऱ्या दोन्ही वहिन्या एकदम रॉस्कोच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी एका बाजूला असू शकतात हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. व्हर्नेलने मांडीवरची पर्स घट्ट धरली. डनीटा म्हणत होती ते तिला आतून पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच तिला स्वतःची लाज वाटत होती.

कारण तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं. चार वर्षांपूर्वी वडिलांच्या बायबलमध्ये तिला ते सापडलं होतं. प्रोफेसरांचं सुबक अक्षर, सव्हानाचा पत्ता, जानेवारी १९२०. मजकूर तीनच ओळींचा, मेहुणीला लिहिलेला. थंडी आहे, प्रकृती ठीक आहे, आणि शेवटी, मुलाची अक्षरं चालू आहेत ना? व्हर्नेलने अर्जासोबत साठ कागद पाठवले होते. हा एकसष्टावा पाठवला नव्हता. आजोबा गाव सोडून गेले हे त्यावरून दिसलं असतं. मग १९२५ पर्यंत अध्यापन चालू ठेवले, हे वाक्य तिला लिहिता आलं नसतं. मग कुणी चालू ठेवलं, असा प्रश्न अधिकाऱ्याने विचारला असता. तो प्रश्न तिने स्वतःलाही विचारला नव्हता. तिने पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि चार वर्षं ते रोज सोबत बाळगलं.

तिने पर्स उघडली, पत्र काढलं आणि सगळ्यांसमोर लव्हीच्या मांडीवर ठेवलं.

"तुझ्या आईचं आहे हे. आमच्याकडे राहिलं होतं."

मोतीबिंदूमुळे लव्हीला ते वाचता येण्यासारखं नव्हतं. रॉस्कोने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला ती हसली.

"बघा," ती म्हणाली. "प्रोफेसरांना माहीत होतं. ते आईला कमी लेखत नव्हते हो. भित्रेही नव्हते. चार पोरांचा बाप होता तो माणूस." मग पत्रावरून बोट फिरवत म्हणाली, "तुला हवं ते कर, व्हर्नेल. मी काही तुझी चादर ओढायला आले नाही. मला मासे खायला बोलावलंय."

डनीटाने व्हर्नेलकडे पाहिलं. लव्हीच्या मांडीवरचं ते पत्र तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि आत्याने ते दडवलं होतं हे तिच्या ध्यानात आलं होतं. ती तंबूबाहेर गेली. ही पोर आता कुणाच्या बाजूला आहे, ते व्हर्नेलला कळेना.

पावणेचारला नगराध्यक्ष गिब्स आले. सूट, टाय, हातात भाषणाचा कागद. व्हर्नेल समोर आल्याबरोबर त्यांनी खिशातला डावा हात बाहेर काढला, तिसरीत असल्यासारखा. त्यांच्यामागे दोन नगरसेवक होते, इतिहास मंडळाच्या बाई होत्या, फोटोग्राफर होता. एकशे चाळीस जांभळे शर्ट धुराड्यासमोर अर्धगोल करून उभे राहिले. पाद्रींनी प्रार्थना म्हटली. गिब्स पुढे झाले आणि त्यांनी चादरीच्या दोरीला हात घातला.

"थांब जरा," व्हर्नेल म्हणाली.

ती फलकाकडे गेली नाही. ती धुराड्याकडे गेली. चुलाण्याच्या तोंडाशी वाकली, गुडघे कुरकुरले, आणि एकाहत्तर वर्षांची, मोत्यांची माळ घातलेली मिस टॉलिव्हर सगळ्या गावासमोर भट्टीत शिरली. आत रॉस्कोचं पालथं घमेलं होतं. ती त्याच्यावर बसली. तिने भिंतीकडे पाहिलंच नाही. डाव्या भिंतीला पाठ केली, मान वळवून तोंड रस्त्याकडे केलं आणि उजवा हात मागे नेला.

वीट गार होती. बोट थोडं चाचपडलं, मग खाचेत बसलं. दोन तिरक्या रेघा आणि मध्ये एक आडवी. पुढच्या विटेवर एक उभी आणि दोन पोटं. मग अर्धं कडं. मग चौथं. चौथ्याच्या पुढे वीट संपली, भिंतही संपली, आणि तिने काही ठरवायच्या आधीच हात आपोआप खालच्या ओळीवर उतरला. एकाहत्तर वर्षांत ती या भट्टीत कधी बसली नव्हती, पण तिच्या बोटाला इथली वाट ठाऊक होती. चारच मावतात. वडिलांनी तिला सगळं सांगितलं होतं, फक्त नाव सोडून.

एवढा अभिमान तिला मानपत्र घेतानासुद्धा वाटला नव्हता.

"चादर आज निघणार नाही," ती आतूनच म्हणाली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज तिला अजून येत होता. "त्याखाली जे लिहिलंय ते मी लिहिलंय आणि ते चूक आहे. ही शाळा नाही. ही झिल्फा बॅटलची धुण्याची भट्टी आहे. शाळा जळल्यावर झिल्फा बॅटलने सहा हिवाळे या गावाच्या मुलांना या भट्टीत वाचायला शिकवलं आणि एक दिवस बंद ठेवलं नाही. माझ्या बापाला तिने शिकवलं. त्याने मला शिकवलं. मी तुमच्यातल्या निम्म्यांना शिकवलं. माझी म्हणून जी पाटी तुम्हाला माहीत आहे, ती तिची आहे. नवा फलक येईल तेव्हा त्यावर पहिलं नाव तिचं असेल."

"आणि प्रोफेसर?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. त्याच्याही छातीवर प्रोफेसर होते.

"दुसऱ्या ओळीत. उंच माणूस होता, तिथूनही दिसेल."

हसण्याची एक लाट गेली आणि तिच्याबरोबर ताणही थोडा सैल झाला. इतिहास मंडळाच्या बाईंनी वही काढली. गिब्स हातात दोरी धरून तसेच उभे होते.

"मिस टॉलिव्हर, मग मी काय करू?"

"दोरी सोड, बाळा. खाली बस आणि ऐक."

नगराध्यक्ष गवतावर बसले. त्यांच्यामागे नगरसेवक बसले, मग एकेक करून जांभळे शर्ट. गर्दी खाली बसली तशी मागची वाट मोकळी दिसली. त्या वाटेने डनीटा येत होती, लव्हीचा हात स्वतःच्या हातात घेऊन, दुसऱ्या हातात खुर्ची. तिने खुर्ची अगदी पुढे, भट्टीच्या तोंडाशी मांडली, लव्हीला बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली.

"पुढे वाच," लव्ही म्हणाली. "मध्येच थांबायचं नसतं."

व्हर्नेल वाचू लागली. एक एक अक्षर बोटाखाली आलं की मोठ्याने म्हणायची आणि गवतावर बसलेले सगळे, नगराध्यक्षांसकट, तिच्या मागून म्हणायचे. तिसऱ्या ओळीला तिची मान खाली झुकली, डोळे भरून आले होते म्हणून.

"व्हर्नेल," लव्हीने दटावलं. "रस्त्यावर लक्ष ठेव."

व्हर्नेलने मान वर केली. टेकडीवरून, टायरच्या दुकानापासून खालपर्यंत रस्ता लख्ख उन्हात पडला होता. त्यावर नदीच्या बाजूने माणसं येत होती. सखल वस्तीतले बॅटल असावेत, रॉस्कोने दुपारी बोलावल्यावरून चारच्या बेताने पायी निघालेले, दहा-बाराजण, चर्चच्या कपड्यांत. पाठोपाठ शेजारपाजारची माणसं, आवाज ऐकून बाहेर पडलेली.

"कोण येतंय?" लव्हीने विचारलं. तिला तेवढं लांबचं दिसत नव्हतं, पण तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला होता.

"खोकायची गरज नाही, आत्या," व्हर्नेल म्हणाली. "सगळे आपलेच आहेत."

आणि तिचं बोट पुढच्या विटेवर गेलं.